दुभाषा चुकतो कुठे? ग्राफिक्सच्या भाषांतराबद्दल वाचकांचे प्रश्न

विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्स कार्डाशी बोलतो तो डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत. लिनक्स आणि अँड्रॉइडला व्हल्कन समजतं, ॲपलला मेटल. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवते ती वाईन, आणि डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कन करणारा दुभाषा म्हणजे डीएक्सव्हीके. मध्ये दुभाषा बसवला की गेम चालतो, आणि दुभाषा एखाद्या शब्दावर अडला की आमच्याकडे पत्रं येतात. आज्ञा आणि फाइलींची नावं छपाईसाठी देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

डीएक्सव्हीके डाउनलोड केलं तर आत एक्स३२ आणि एक्स६४ अशी दोन फोल्डरं निघाली. एक्स३२ मधल्या फाइली सिस्टिम३२ मध्ये टाकल्या, तरी गेम उघडत नाही. कार्ड जीटी ७१० आहे.
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड*

पहिली चूक नावानं करायला लावली आहे, तुमचा दोष नाही. ६४ बिटांच्या वाईन प्रिफिक्समध्ये (वाईननं मांडलेल्या नकली विंडोजच्या फोल्डरात) सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली राहतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२ बिटांच्या. विंडोजनं जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी नावं तशीच ठेवली, आणि तो उलटा कारभार वाईननं जसाच्या तसा उचलला. म्हणजे एक्स६४ मधल्या डीएलएल (याच लायब्ररी फाइली) सिस्टिम३२ मध्ये, आणि एक्स३२ मधल्या सिसवाव६४ मध्ये. त्यानंतर वाइनसीएफजी उघडून लायब्ररीज या टॅबमध्ये डीथ्रीडी९, डीथ्रीडी१०कोअर, डीथ्रीडी११ आणि डीएक्सजीआय यांना 'नेटिव्ह' करा. हे राहिलं तर वाईन मुकाट्यानं स्वतःची डीएलएल वापरते आणि तुम्हाला वाटतं डीएक्सव्हीके चालू आहे. खात्री करायची तर डीएक्सव्हीके_एचयूडी या पर्यावरण-चलाची किंमत 'डेव्हइन्फो,एफपीएस' ठेवून गेम सुरू करा. डाव्या कोपऱ्यात कार्डाचं नाव दिसलं तर दुभाषा कामावर आहे. गेमच्या फोल्डरात _डीथ्रीडी११.लॉग अशा नावाची फाइलही पडते. ती पडलीच नसेल तर डीएक्सव्हीकेला कोणी हाकच मारलेली नाही.

जुना गेम बहुधा ३२ बिटांचा असतो, आणि त्याला व्हल्कनचा ड्रायव्हरही ३२ बिटांचाच लागतो. उबंटूवर डीपीकेजीनं आय३८६ हे आर्किटेक्चर जोडा, एपीटी अपडेट करा, मग मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स:आय३८६ बसवा. एनव्हिडिया असेल तर लिबएनव्हिडिया-जीएल-(ड्रायव्हर-मालिकेचा आकडा):आय३८६, आणि त्याची आवृत्ती ६४ बिटांच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळली पाहिजे.

एवढं करूनही तुमचा गेम उघडणार नाही, कारण खरी अडचण कार्डाची आहे. जीटी ७१० केप्लर पिढीचं. या पिढीसाठी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर-मालिका ४७०, आणि तिथे व्हल्कन १.२ वरच थांबलं. डीएक्सव्हीके २.० (नोव्हेंबर २०२२) पासून व्हल्कन १.३ अनिवार्य आहे. तुम्हाला १.१०.३ ही जुनी आवृत्ती घ्यावी लागेल. तिचं व्हल्कन १.१ वर भागतं. व्हल्कनइन्फोला समरी हा पर्याय देऊन चालवलं की एपीआयव्हर्जन या ओळीत कार्डाची मजल कुठवर आहे ते कळतं. त्या यादीत फक्त एलएलव्हीएमपाइप दिसत असेल तर कार्ड झोपलेलं आहे आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. मग डीएक्सव्हीकेशी झटापट न करता आधी ड्रायव्हर नीट बसवा.

वाईन म्हणजे एम्युलेटरच ना? मग गेम निम्म्या वेगानं चालायला हवा. माझा तर जवळपास विंडोजइतकाच चालतो.
*वाचक, मडगाव*

प्रोसेसरच्या सूचना जशाच्या तशा धावतात, त्यांचं भाषांतर होत नाही. वाईनच्या नावाचा विस्तारच मुळी 'वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर' असा आहे. शेडरचं, म्हणजे कार्डावर धावणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, भाषांतर एकदा होतं. नंतर कार्डावर धावतो तो त्या कार्डाच्या स्वतःच्या भाषेतला कोड. दर फ्रेमला जो खर्च पडतो तो कॉलच्या उलथापालथीचा, आणि तो प्रोसेसरच्या माथी. म्हणून कार्ड दमलेलं असेल तिथे फरक कळत नाही. प्रोसेसर आधीच धापा टाकत असेल तिथे कळतो.

प्रत्येक नवीन खोलीत शिरलं की गेम अर्धा सेकंद गोठतो. दुसऱ्यांदा त्याच खोलीत गेलं की काही होत नाही. ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
*वाचक, ठाणे*

तुम्ही निदान जवळजवळ स्वतःच केलंय. पहिल्यांदा शेडर संकलित (कंपाइल) होतो, मग साठवला जातो. साठ्याच्या किल्लीत ड्रायव्हरच्या बिल्डची ओळख असते, म्हणून ड्रायव्हर बदलला की जुना साठा निकामी. पण विंडोजवर हाच गेम का अडखळत नाही, ते बघण्यासारखं आहे.

डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये गेम सगळं सुटं सुटं देतो. व्हर्टेक्स शेडर वेगळा, पिक्सेल शेडर वेगळा, ब्लेंडिंग कसं करायचं ते वेगळं, शिरोबिंदूंच्या माहितीची मांडणी वेगळी, ज्या पृष्ठावर रंगवायचं त्याचा फॉरमॅट वेगळा. यातलं काय कशाबरोबर जाणार हे गेम ऐन रेखाटनाच्या क्षणी ठरवतो. व्हल्कनची मूळ अट उलटी: यातलं बरंचसं आधीच एका पाइपलाइनमध्ये गोठवून द्या, मग रेखाटा. दुभाष्याला वाक्याचं क्रियापद शेवटी ऐकू येतं आणि भाषांतर मात्र पहिल्या शब्दापासून हवं असतं, तशातली गत. खिडकीच्या काचेचा एकच पिक्सेल शेडर घ्या. तो आठ बिटांच्या पृष्ठावर वापरला आणि मग आरशातल्या प्रतिबिंबासाठी १६ बिटांच्या तरत्या अपूर्णांकांच्या पृष्ठावर वापरला, की शेडर तोच असूनही पाइपलाइन दोन. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एक अवजड पाइपलाइन संकलित व्हायला त्याच्या कित्येक पट वेळ लागू शकतो, आणि नव्या खोलीत अशा वीस-तीस एकदम आल्या की गोठलंच.

यावरचा खरा उपाय मार्च २०२२ मध्ये आला: ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी नावाचं व्हल्कनचं एक्स्टेन्शन. पाइपलाइनचे तुकडे आधी वेगवेगळे संकलित करून ठेवायचे, रेखाटताना फक्त जोडायचे, आणि कसून सुधारलेली आवृत्ती मागे सावकाश तयार करायची. डीएक्सव्हीके २.० हे आपणहून करतं, ड्रायव्हरची साथ हवी एवढंच. तेव्हा आधी दोन्ही अद्ययावत करा. मग वर सांगितलेल्या डीएक्सव्हीके_एचयूडी या चलाच्या किमतीत 'कंपायलर' जोडा आणि गोठण्याच्या क्षणी कोपऱ्यात संकलनाची सूचना येते का ते पाहा. येत नसेल तर दोष शेडरचा नाही. हार्ड डिस्कवरून टेक्सचर ओढताना होणारी कुचंबणाही अगदी अशीच दिसते.

तरीही दोन ठिकाणी हिसके राहतात. काही गेम शेडर तयार करतात तेच रेखाटायच्या आदल्या क्षणी. तिथे आगाऊ संकलनाला वावच नाही. आणि डायरेक्टथ्रीडी १२ चे गेम पाइपलाइन स्वतःच बांधतात. तिथे गेमनंच ऐनवेळी बांधायला घेतली तर विंडोजवरही गोठतं, दुभाष्याच्या नावानं बोटं मोडू नका.

स्टीम 'व्हल्कन शेडर प्रक्रिया चालू' असं दाखवत मिनिटभर थांबवतं, तेव्हा हेच काम आधी उरकत असतं. 'स्किप' दाबायची घाई करू नका. मेसाचा (लिनक्सवरच्या मुक्तस्रोत ड्रायव्हरांचा) साठा घरच्या .कॅश फोल्डरात असतो आणि त्याची मर्यादा मुळात १ जीबी आहे. पाच-सहा मोठे गेम आलटून पालटून खेळत असाल तर जुना साठा हाकलला जातो. मेसा_शेडर_कॅश_मॅक्स_साइझ या चलाला ५जी अशी किंमत द्या. इंटरनेटवर 'असिंक' नावाचा जुना पॅच अजून फिरतो. तो पाइपलाइन तयार होईपर्यंत ती वस्तू रेखाटतच नाही, म्हणून हिसका जातो आणि शत्रूही क्षणभर जातो. ऑनलाइन गेममध्ये तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

आमच्या छोट्या इंजिनात चार दिव्यांच्या तीव्रता आणि धुक्याची घनता एका कॉन्स्टंट बफरमध्ये आहेत. विंडोजवर ठीक. व्हल्कनवर धुकं गायब. मॅकवर फक्त पहिला दिवा लागतो, आणि दुसऱ्या दिव्याची तीव्रता वाढवली की धुकं दाट होतं! शेडर तिन्हीकडे अक्षरशः तेच आहेत.
*गेम डेव्हलपर, पुणे*

पत्रातच उत्तर आहे. शेडर तेच असले तरी बाइटांची मांडणी तीन जागी तीन तऱ्हेची आहे. तुमचा बफर, म्हणजे शेडरला आकडे पुरवणारा बाइटांचा तुकडा, असा: फ्लोट तीव्रता[४], नंतर फ्लोट धुकं. एक फ्लोट म्हणजे ४ बाइटांची अपूर्णांकी संख्या.

एचएलएसएलमध्ये, म्हणजे डायरेक्टथ्रीडीच्या शेडर-भाषेत, कॉन्स्टंट बफरमधल्या ॲरेचा प्रत्येक घटक नव्या १६ बाइटांच्या घरात सुरू होतो. घटक येतात ०, १६, ३२, ४८ वर. शेवटच्या घटकानं आपल्या घरातले ४ बाइटच वापरले, म्हणून धुकं तिथेच मागे चिकटून ५२ वर बसतं. एकूण ५६ बाइट. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये हा बफर १६ च्या पटीतच लागतो, म्हणून तुम्ही ६४ घेतला असणार.

व्हल्कनच्या एसटीडी१४० मांडणीत घटक तसेच १६-१६ च्या अंतरावर, पण ॲरेचा शेवटही पूर्ण घर अडवतो. धुकं ६४ वर. तुमचा बफर ६४ बाइटांवरच संपतो, म्हणजे वाचन कुंपणाबाहेर. तुमच्या कार्डानं शून्य दिलं. दुसऱ्या एखाद्या कार्डावर शेजारच्या बफरातलं काहीही येऊ शकतं.

मेटलच्या भाषेत हातानं लिहिलेल्या स्ट्रक्टमध्ये फ्लोटचा ॲरे सलग: ०, ४, ८, १२, आणि धुकं १६ वर. ४, ८, १२ या जागी तुमच्या बफरात भरावाचे बाइट आहेत, म्हणून तीन दिवे विझलेले. १६ वर दुसऱ्या दिव्याची तीव्रता आहे, म्हणून धुकं तिच्या तालावर नाचतं.

डीएक्ससी या एचएलएसएलच्या कंपायलरला 'एफव्हीके-यूझ-डीएक्स-लेआउट' हा पर्याय दिला तर व्हल्कनकडे धुकं ५२ वर येतं. पण ती मांडणी व्हल्कनच्या नेहमीच्या नियमात बसत नाही. त्यासाठी डिव्हाइसवर स्केलर ब्लॉक लेआउट हे वैशिष्ट्य चालू करायचं आणि एसपीआयआरव्ही-व्हॅल या, व्हल्कनचा शेडर-कोड तपासणाऱ्या तपासनीसालाही तसं सांगायचं. त्यापेक्षा स्वस्त आणि कायमचा उपाय म्हणजे चारही तीव्रता एका फ्लोट४ मध्ये घाला. मग धुकं तिन्हीकडे १६ वर, वाद मिटला. दिवे चारापेक्षा जास्त असतील तर फ्लोट४ चा ॲरे करा. पूर्ण भरलेल्या घरांवर तिन्ही भाषांचं एकमत असतं.

तीन घटकांचा सदिश हा याच घरातला दुसरा भामटा. 'फ्लोट३ रंग, फ्लोट तीव्रता' यात एचएलएसएल आणि एसटीडी१४० दोघंही तीव्रता १२ वर ठेवतात. मेटलमध्ये मात्र फ्लोट३ स्वतःच १६ बाइटांचा, म्हणून तीव्रता १६ वर. तिथे पॅक्ड_फ्लोट३ लिहायचं. मेटलचा शेडर हातानं न लिहिता एसपीआयआरव्ही-क्रॉस या शेडरच्या भाषांतरकाराकडून काढून घेतलात तर ते या जागा स्वतः सांभाळतं. तुमच्या सी++ च्या हेडरमध्ये प्रत्येक सदस्यासाठी ऑफसेटऑफ तपासणारं एक स्टॅटिक_असर्ट टाका. एसपीआयआरव्ही-क्रॉसला 'रिफ्लेक्ट' पर्याय दिला की प्रत्येक सदस्याचा ऑफसेट जेसनमध्ये छापून येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.

याच इंजिनात पुढचा खड्डा कुठे आहे तेही सांगून ठेवतो. एचएलएसएलमध्ये बी० (कॉन्स्टंट बफर), टी० (टेक्सचर) आणि एस० (सॅम्पलर) या तीन वेगळ्या रांगांतल्या जागा आहेत. व्हल्कनमध्ये एका डिस्क्रिप्टर सेटमध्ये (शेडरला जोडायच्या संसाधनांच्या संचात) रांग एकच, आणि डीएक्ससी तिघांनाही बाइंडिंग ० देऊन मोकळं होतं. एफव्हीके-टी-शिफ्ट १६ ०, एफव्हीके-एस-शिफ्ट ३२ ०, एफव्हीके-यू-शिफ्ट ४८ ० असं दिलं की टेक्सचर १६ पासून, सॅम्पलर ३२ पासून, लिहिता येणारी संसाधनं ४८ पासून सुरू होतात. दुसरा आकडा रजिस्टर-स्पेसचा. मेटलमध्ये रांगा पुन्हा वेगळ्या, पण शिरोबिंदूंचे बफर आणि कॉन्स्टंट बफर मात्र एकाच रांगेत, ० ते ३० अशा ३१ जागांत. शिरोबिंदू ३० पासून उलटे खाली आणि कॉन्स्टंट ० पासून वर चढवत नेले की टक्कर होत नाही.

ओपनजीएलमधून व्हल्कनवर आलो. चित्र उलटं दिसत होतं म्हणून शेडरमध्ये वायचं चिन्ह बदललं. आता चित्र सुलट, पण सावल्या अर्ध्याच पडतात.
*वाचक, बंगळूर*

दोन वेगळे फरक आहेत, तुम्ही एकच मिटवलात. व्हल्कनमध्ये वाय खाली वाढतो, तो तुमचा उलटेपणा. शेडरला हात न लावता व्ह्यूपोर्ट उलटा करणं जास्त बरं. १०८० उंचीसाठी वाय = १०८० आणि उंची = −१०८० द्या. व्हल्कन १.१ पासून हे मुळातच चालतं. मात्र शेडरमधला बदल मग काढून टाका, नाहीतर दोन उणे मिळून अधिक होतील.

सावल्यांचं कारण खोलीत (डेप्थमध्ये), म्हणजे झेडमध्ये आहे. ओपनजीएलची खोली −१ ते १, व्हल्कनची ० ते १. जुनं प्रोजेक्शन मॅट्रिक्स तसंच ठेवलं की ० च्या अलीकडचं सगळं कापलं जातं. मुख्य कॅमेऱ्यात हे लपून राहतं, कारण पर्स्पेक्टिव्हमध्ये ० ही खोली निअर प्लेनच्या (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या सर्वांत जवळच्या सीमेच्या) सुमारे दुप्पट अंतरावरच येते. निअर ०.१ मीटर असेल तर फक्त २० सेंटिमीटरच्या आतलं गायब, आणि तेवढ्या जवळ कोण जातंय! सूर्याच्या सावलीचं प्रोजेक्शन ऑर्थोग्राफिक असतं. तिथे ० बरोबर मध्यावर येतं आणि निम्मं दृश्य कापलं जातं. शेवटी झेड = (झेड + डब्ल्यू) ÷ २ करा, किंवा मॅट्रिक्सच ० ते १ चं बनवा. दुसरं जास्त स्वच्छ.

एम१ मॅकवर लिनक्ससारखंच डीएक्सव्हीके आणि खाली मोल्टनव्हीके बसवलं. डीएक्सव्हीके कार्डच नाकारतं.
*वाचक, नागपूर*

मोल्टनव्हीके हे व्हल्कनचं मेटलमध्ये भाषांतर करतं, आणि मेटलमध्ये जॉमेट्री शेडर हा (नवे शिरोबिंदू तयार करणारा) टप्पाच नाही. डायरेक्टथ्रीडी ११ ला तो लागतो, म्हणून डीएक्सव्हीके त्याची मागणी करतं, मोल्टनव्हीके 'नाही' म्हणतं आणि बोलणी फिसकटतात. दुभाष्यावर दुभाषा बसवण्याऐवजी थेट मेटलमध्ये नेणारा दुभाषा घ्या. ॲपलनं जून २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटबरोबर आणलेला डीथ्रीडीमेटल हा डायरेक्टथ्रीडी ११ आणि १२ दोन्ही सांभाळतो. डायरेक्टथ्रीडी ११ पुरता डीएक्सएमटी हा मुक्तस्रोत पर्यायही आहे. गेम इंटेलच्या प्रोसेसरसाठीचा असल्यानं मध्ये रोझेटाही असतोच. तेव्हा वर म्हटलेलं 'सूचना जशाच्या तशा धावतात' हे इथे लागू नाही, मॅकवर प्रोसेसरचंही भाषांतर होतं.

तुमचा स्वतःचाच गेम असेल तर जॉमेट्री शेडर काढूनच टाका. तो बहुतेक वेळा ठिपक्याचा चौकोन करायलाच वापरलेला असतो. एका ठिपक्यामागे ६ शिरोबिंदू रेखाटा, शिरोबिंदूच्या क्रमांकाला ६ नं भागून ठिपका शोधा, बाकीवरून कोपरा. हे सगळीकडे चालतं आणि बऱ्याच कार्डांवर जॉमेट्री शेडरपेक्षा जलदही.

डायरेक्टथ्रीडी ९ च्या जुन्या गेममध्ये मध्येच काळे चौकोन लुकलुकतात.
*वाचक, इंदूर*

त्या काळच्या कार्डांवर शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य, अगदी अनंतसुद्धा. आजच्या नियमानुसार शून्य गुणिले अनंत म्हणजे 'संख्याच नाही'. शून्य लांबीचा सदिश एकक करायला गेलं की नेमका हाच गुणाकार होतो. असा एक बिघडलेला पिक्सेल ब्लूमच्या (उजळ भागांभोवतीच्या झळाळीच्या) धूसरीकरणात शिरला की आजूबाजूचे सगळे नासवतो, म्हणून ठिपका न दिसता चौकोन दिसतो. गेमच्या फोल्डरात डीएक्सव्हीके.कॉन्फ नावाची फाइल करून त्यात डीथ्रीडी९.फ्लोटएम्युलेशन = स्ट्रिक्ट अशी ओळ टाका. थोडा वेग जाईल, चौकोन जातील.

आधी फक्त खोली (डेप्थ) रेखाटतो, मग त्याच मॉडेलवर रंग, तुलना 'समान' अशी. मेटलवर पृष्ठभाग चट्ट्यापट्ट्यांनी चमचमतो.
*वाचक, सिंगापूर*

मेटलचा कंपायलर मुळातच फास्ट मॅथ (वेगासाठी गणिताची फेरमांडणी) चालू ठेवतो. दोन शेडरांत तेच सूत्र दोन तऱ्हांनी सुधारलं जातं, शेवटचा बिट हलतो आणि 'समान' खोटं ठरतं. दोन्ही व्हर्टेक्स शेडरांत पोझिशनला इन्व्हेरियंट लावा आणि संकलनात प्रिझर्व्हइन्व्हेरियन्स चालू करा. एकाच शेडरला लावलंत तर पट्टे तसेच राहतील.